हुगे

"नेक्स्ट. यू. पिवळी ओढणी."

पिवळी ओढणी म्हणजे मी. अकरावी सायन्स, इंग्रजीचा तास. कॉलेज सुरू होऊन नऊ-दहा दिवस झाले होते. नागपुरातलं नावाजलेलं कॉलेज. सरांना माझं नाव माहीत नव्हतं, माहीत करून घ्यायची गरजही नव्हती. मी उभी राहिले. पुस्तक दोन्ही हातांनी धरलं. रस्त्यात पडलेल्या एका खडकाची गोष्ट होती. पहिलं वाक्य नीट वाचलं. दुसरंही वाचलं. तिसऱ्यात तो शब्द आला. एच, यू, जी, ई.

मी वाचलं, "हुगे."

मागून कोणीतरी फिसकन हसलं. मी पुढं वाचायला लागले.

"वेट," सर म्हणाले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "रिपीट."

"हुगे."

"लाउडर."

"हुगे."

"वन्स मोअर. मागच्या बाकावर ऐकू गेलं नाही."

तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा सगळा वर्ग हसत होता. काय चुकलं ते मला अजून कळलेलं नव्हतं. हसणाऱ्यांना हे कधीच कळत नाही. चुकणाऱ्याला चूक दिसत नसते. त्याला वाटत असतं आपलं बरोबर आहे, मग हे कशाला हसतायत? मी मान वळवून माझ्या ड्रेसकडे पाहिलं. मला वाटलं, मागून फाटला असेल.

"मीनिंग?" सरांनी विचारलं.

"मोठा," मी म्हणाले. "खूप मोठा. प्रचंड."

अर्थ बरोबर होता. सरांनी लगेच दुसरंच विचारलं.

"कुठून आलीस?"

"काटोलच्या पुढं गाव आहे सर."

"आडनाव?"

सांगितलं.

"अच्छा," ते म्हणाले. त्या 'अच्छा'चा अर्थ आमच्याकडे शाळेचं तोंड न पाहिलेल्या पोरालाही कळतो.

"ये इकडे. तुमच्या शाळेतलं इंग्रजी लिहून दाखव सगळ्यांना. मराठीतच लिही. जसं म्हटलंस तसं."

मी गेले. का गेले? सोळा वर्षांची होते. शिक्षकानं बोलावलं की जायचं, एवढंच माहीत होतं. खडू घेतला आणि लिहिलं, हुगे.

"वा. अक्षर सुंदर आहे," सर म्हणाले. मग वर्गाकडे वळले. "काटोलहून फक्त संत्रीच येत नाहीत, पाहा. क्लास, वुई हॅव अ हुगे प्रॉब्लेम."

पोरं बाक बडवायला लागली. मी फळा पुसायला हात उचलला तर म्हणाले, "राहू दे."

पुढचा तास फिजिक्सचा होता. त्या मॅडम आल्या, फळ्याकडे बघून म्हणाल्या, "हे काय?" वर्ग पुन्हा हसला. मॅडमनी पुसून टाकलं. पण माझं नाव तोवर पडलं होतं.

नागपूरच्या पोरांना त्या शब्दाचं पुढं काय करायचं ते सांगावं लागलं नाही. दोन दिवसांत हुगेचं हगे झालं. कॅन्टीनमध्ये, पार्किंगमध्ये, जिन्यात. "ए हगे, साइड दे." प्रॅक्टिकलच्या वहीवर कोणीतरी माझं नाव खोडून ते लिहिलं. मी कव्हर फाडून नवं घातलं. पुन्हा लिहिलं. पोरींनीही म्हटलं. हसत, तोंडावर रुमाल धरून, पण म्हटलं.

मी बोलणं बंद केलं. हजेरीला "प्रेझेंट" एवढंच. फिजिक्समध्ये काही अडलं तरी विचारायची नाही. केमिस्ट्रीत तर सगळे शब्द इंग्रजीच. प्रत्येक शब्दात पाय अडकेल अशी भीती. रोज काटोलहून बसनं यायची, नागपुरात काटोल नाक्यावर उतरायची, आणि उतरल्यापासून परत बसेपर्यंत माझ्या तोंडून चार-पाच शब्द निघायचे. दहावीला आमच्या शाळेत मी पहिली होते. गणितात तर पूर्ण तालुक्यात माझं नाव होतं. बी. फार्म करायचं होतं. औषधं कशी तयार होतात ते मला बघायचं होतं. बारावीत कशीबशी पास झाले. फार्मसी संपली.

एका शब्दानं कोणी एवढं मोडतं का, असं लोक मला विचारतात. विचारणारे नेहमी इंग्रजी शाळेत शिकलेले असतात.

घरी मायनं ओळखलं. माय काटोलात एका व्यापाऱ्याच्या शेडमध्ये संत्री निवडायची. मोठं फळ एका क्रेटमध्ये, मधलं दुसऱ्यात, बारीक चुरी तिसऱ्यात. दिवसभर वाकून. बाप तिथंच हमाल. एकदा भाकरी टाकता टाकता माय म्हणाली, "काहून वं, तोंड शिवलं का तुनं? आजकाल बोलतच नाई."

मी सांगितलं. सगळं नाही. शब्द चुकला, सगळे हसले, एवढंच.

"त्या शब्दाचा अर्थ काय होते?"

"मोठा."

"तुले मालूम होता?"

"हाव."

"मंग हासले कायले?"

मी तिच्यावरच ओरडले. "तुले काय समजते! तू संत्री निवड!"

मायनं तव्यावरची भाकरी उलटवली. सरांनी मला जे केलं ते मी त्याच महिन्यात मायला केलं. तिचा प्रश्न साधा होता आणि बरोबर होता. त्या कॉलेजातल्या एकाही शहाण्याला तो पडला नव्हता.

मी दुखावलेला दुसरा माणूस म्हणजे गुरुजी. जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीपासून त्यांनीच इंग्रजी शिकवलं होतं. तो शब्द मला त्यांनीच दिला होता. ते फळ्यावर इंग्रजी शब्द लिहायचे, खाली देवनागरीत उच्चार, त्याच्या खाली अर्थ. हुगे म्हणजे प्रचंड. अर्थ सांगताना दोन्ही हात फाकवायचे आणि गाल फुगवायचे, आम्ही हसायचो. तेही हसणंच होतं. पण त्यात कोणाची मान खाली जात नव्हती.

त्या वर्षी काटोलच्या बसस्टँडवर गुरुजी दिसले. लांबूनच हात केला. "काय वं, कसं चाललं कॉलेज?" मी तोंड फिरवून बसमध्ये चढले. खिडकीतून दिसलं, ते तसेच उभे होते, हात अर्धा वर. मला त्यांचा राग आला होता. ह्यानंच चुकीचं शिकवलं. ह्याच्यामुळं झालं सगळं.

माझा राग चुकीच्या माणसावर जावा अशीच सगळी सोय होती. गुरुजींकडे दोन वर्ग होते, एका खोलीत. अर्धा वेळ ते खिचडीचा हिशेब आणि सरकारी याद्या लिहीत बसायचे. त्यांना इंग्रजी कोणी शिकवलं होतं? त्यांनी तो शब्द कधी कानानं ऐकला तरी होता का? पुस्तक त्यांच्या हाती दिलं आणि सांगितलं, शिकवा. त्यांनी अक्षरं लावून वाचलं. जी म्हणजे ग, असं त्यांना जेवढं दिलं होतं तेवढं त्यांनी आम्हाला दिलं, आणि मनापासून दिलं. त्या सरांकडे सगळं होतं. वाचनालय, भाषा प्रयोगशाळा, परदेशातून आणलेले कोट. त्यांनी मला काय दिलं? एक खडू.

गुरुजी गेले तेव्हा मी नागपुरात होते. माफी मागायची राहून गेली. ती आता कुठंच मागता येत नाही.

बारावीनंतर आर्ट्सला गेले आणि इंग्रजी शिकले. आवड म्हणून नाही. रागानं शिकले. मोबाईलवर एकेक शब्द ऐकायचा, बसच्या खिडकीकडे तोंड करून पुटपुटायचा. ह्यूज. ह्यूज. ह्यूज. शेजारच्या बायका सरकून बसायच्या. लार्ज कुठं, बिग कुठं, व्हास्ट कुठं, इमेन्स कुठं, सगळं वहीत उतरवलं. कपड्याचं माप लार्ज असतं, ह्यूज नसतं. मैदान व्हास्ट असतं, हत्ती व्हास्ट नसतो. चूक बिगही असते आणि ह्यूजही. एवढं सगळं कळल्यावर मी ठरवलं, आता मला कोणी हसणार नाही. बरं, मग दुसऱ्याला कोणी हसलं तर? ते ठरवलं नव्हतं.

सीताबर्डीत एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर इंग्रजी बोलायला शिकवणारी संस्था होती. तिथं मला नोकरी लागली. तिथल्या मालकांना सगळे डायरेक्टर म्हणायचे. मुलाखतीत त्यांनी विचारलं, "गावच्या ना तुम्ही? अरे वा. मग तर फारच छान." माझा फोटो काढला. खाली रस्त्यावर बॅनर लागला. डाव्या बाजूला वेणी घातलेली कुठली तरी पोरगी, डोकं खाली. उजव्या बाजूला मी, ब्लेझर घालून. काल आणि आज. ब्लेझर डायरेक्टरांच्या बायकोचा होता. डावीकडची पोरगी मी नव्हतेच. पण मायनं तो फोटो पाहिला आणि शेडमधल्या सगळ्या बायकांना दाखवला, म्हणून मी गप्प बसले.

दर रविवारी तिथं फुकट डेमो क्लास असायचा. येणारे लोक साधे. दुकानात काम करणारे, पोलीस भरतीची पोरं, लग्न ठरलेल्या पोरी, कळमन्याच्या बाजारातले दलाल सुद्धा. डायरेक्टरांनी मला पहिल्याच आठवड्यात पद्धत शिकवली.

"फळ्यावर हे दहा शब्द लिहायचे. एकाला उठवायचं, वाचायला लावायचं. चुकला की लगेच दुरुस्त नाही करायचं. तीन सेकंद थांबायचं. बाकीचे हसले पाहिजेत. मग आपण गोड बोलायचं आणि फॉर्म पुढं करायचा. लाज वाटली ना, की माणूस सही करतो."

दहा शब्दांच्या यादीत पहिला शब्द तोच होता.

मी म्हणायला पाहिजे होतं, नाही. मी म्हणाले, "ओके सर."

दोन वर्षं मी ते केलं. हे सांगताना माझी जीभ जड होते, पण सांगणार, कारण हे लपवलं तर बाकीचं सगळं खोटं होईल. मी ते चांगलं केलं. कोणाला उठवायचं ते मला एका नजरेत कळायचं. मी चपला बघायची. बूट घातलेल्याला उठवत नव्हते, झिजलेल्या चपलेवाल्याला उठवायची. तो वाचायचा, हुगे. मी भुवई उचलायची. एक, दोन, तीन. वर्ग हसायचा. त्याचे कान लाल व्हायचे. मग मी म्हणायची, "इट्स ओके, घाबरू नका, आपण आहोत ना." फॉर्म भरला जायचा. डायरेक्टर म्हणायचे, "मॅडम, तुमचा हात फार हलका आहे."

त्या कॉलेजच्या सरांनी निदान पगारासाठी केलं नव्हतं. मी पगारासाठी केलं.

एका रविवारी बेबीताई आल्या. तेव्हा नाव माहीत नव्हतं. पंचेचाळिशीच्या बाई, फिकट निळी साडी, दोन्ही हातांना सारखा साबण लागून भेगा पडलेल्या. शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. पायात रबरी चप्पल. मी फळ्यावर यादी लिहिली आणि बोट केलं.

"तुम्ही. निळी साडी."

निळी साडी. मी असंच म्हटलं.

त्या उठल्या. अक्षरं एकेक करून जोडली, ओठ हलवत. "हुगे."

मी भुवई उचलली. एक. दोन. पोरं हसायला लागली. पुढच्या रांगेतला एक जण तर मागं वळून बघायला लागला, कोण म्हटलं म्हणून. तीन. मग मी गोड आवाजात म्हणाले, "ह्यूज. त्याचा उच्चार ह्यूज होतो."

बाई खाली बसल्या नाहीत. फळ्याकडे बघत राहिल्या.

"हा तोच शब्द का, मॅडम?"

"कोणता?"

"ह्यूज. हा तं मले मालूम हाय. मी वीस वर्षापासून दवाखान्यात आया आहो. डॉक्टर म्हणते ना, ह्यूज सिस्ट. बिग म्हणते तवा गोळ्या लिहून देते. ह्यूज म्हणते तवा ऑपरेशन. पेशंटले काई समजत नाई, पण डॉक्टरचं तोंड पाहून त्याचा जीव घाबरते." त्या थांबल्या. "मले वाटे, तो असा लिहित असन ह, य, ज. हा असा लिहिते, हे नव्हतं मालूम."

मी वहीत उतरवलेलं सगळं व्याकरण एकीकडे आणि ह्या बाईनं वीस वर्षं खाटेजवळ उभं राहून शिकलेलं एकीकडे. त्या खोलीत त्या शब्दाचा वापर तिच्याएवढा कोणालाही माहीत नव्हता. मलाही नाही.

मग त्यांनी विचारलं. आवाज चढवला नाही. रागही नव्हता त्यात, तेच वाईट होतं.

"एक विचारू, मॅडम? मी चुकन हे तुमाले मालूम होतं ना? म्हणूनच उठवलं ना मले?"

दारात डायरेक्टर उभे होते. ते लगेच आत आले, हसत. "अरे काकू, टेन्शन लेने का नहीं! तीन महिन्यात तुमच्या हुगेचं ह्यूज करून देतो!"

पोरं खदखदून हसली. बाईंनी मान खाली घातली आणि पिशवी उचलली.

मी डस्टर घेतला. सगळी यादी पुसली.

"हसणं बंद करा," मी म्हणाले. मराठीत. वर्गात डायरेक्टरांसमोर मराठी बोलायला मला बंदी होती. "बाई, तुम्ही बसा. तुम्ही विचारलं त्याचं उत्तर देते. हो. मला माहीत होतं. मी तुमची चप्पल पाहून तुम्हाला उठवलं. हे दहा शब्द तुम्हाला पाडायलाच निवडलेत. पहिल्यांदा पाहणारा कोणीही हा शब्द हुगेच वाचणार. मीसुद्धा वाचला होता, कॉलेजात. माझ्या सरांनी तो फळ्यावर लिहायला लावला होता. जी कधी ग होतो, कधी ज होतो, नियम धड नाही, ऐकून लक्षात ठेवावा लागतो. एवढंच आहे. यात लाज वाटण्यासारखं काहीही नाही. लाज वाटली म्हणून कोणी सही करू नका."

"मॅडम, केबिनमध्ये या," डायरेक्टर म्हणाले.

केबिनमध्ये त्यांनी दार लावलं. ओरडले नाहीत. असे लोक ओरडत नाहीत.

"बरं नाही का तुम्हाला? घरी जा, दोन दिवस आराम करा. ह्या लोकांसाठी एवढं? गावाकडच्या पोरीला इथं आणून उभं कोणी केलं?"

"मी बसनं आले," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"कोणी आणलं नाही मला. काटोलची बस धरली आणि आले. उद्यापासून येणार नाही. खालचा माझा फोटो काढा."

"बॅनर आमचा आहे."

"तोंड माझं आहे."

ते हसले. त्यांना वाटलं, ही काय करणार.

मी जिना उतरले. रविवारची बर्डी. माणसांना माणसं घासत होती, वरून मेट्रो गेली. बॅनर खांबाला दोरीनं बांधला होता. शेजारी संत्र्याचा रस विकणाऱ्याची गाडी होती. त्याला म्हणाले, "भाऊ, चाकू द्या जरा." त्यानं माझ्याकडे पाहिलं, बॅनरकडे पाहिलं, चाकू फडक्याला पुसला आणि दिला. फ्लेक्स जाड असतो, नुसत्या हातानं फाटत नाही. मी कापायला लागले तर तो हलायला लागला. तेवढ्यात बाजूनं एक भेगाळलेला हात आला आणि बॅनर ताणून धरला.

"कापा आता," बेबीताई म्हणाल्या. "मी धरला हाय."

मी माझं तोंड कापून काढलं. ब्लेझर तिथंच राहिला. लोक मोबाईल काढून उभे होते. मला लाज वाटली नाही. सोळाव्या वर्षापासून पहिल्यांदा इतकी माणसं माझ्याकडे बघत होती आणि मला लाज वाटली नाही.

फुटपाथवर उभं राहून मी त्यांना विचारलं, "तुम्हाला इंग्रजी शिकायचं कशाला होतं?"

"डॉक्टर राउंडले येते, इंग्रजीत बोलते अन् जाते. पेशंट मंग माह्या तोंडाकडे पायते. बाई, काय म्हणे डॉक्टर? मले अर्धं समजते, अर्धं नाई. ते अर्धं शिकाले आली होती."

"मी शिकवते," मी म्हणाले. "पण तुम्हालाही मला शिकवावं लागेल."

आता मी दोन शाळांत तासिकेवर शिकवते आणि गुरुवारी दुपारी बेबीताईंच्या घरी जाते. बेबीताई धरून दवाखान्यातल्या सहा आया जमतात, पाळी संपवून. सतरंजीवर बसतात. तिथं एकच नियम आहे. चुकलेलं कोणी उठत नाही. हसलेलं उठतं आणि बाहेर जातं. बेबीताईंच्या पुतण्यानं एकदा दारातून दात काढले. "मजाक केली ना," म्हणाला. बेबीताईंनीच त्याला घालवलं.

मला लोक म्हणतात, त्या सरांचे आभार मान, त्यांनी टोचलं म्हणून तू शिकलीस. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. त्यांनी मला शिकवलं नाही. त्यांनी माझी फार्मसी घेतली. दोन वर्षांचा माझा आवाज घेतला. माझ्या मायला मी जे बोलले ते माझ्या तोंडात घातलं. आणि सगळ्यात वाईट, मला त्यांच्यासारखं करायला शिकवलं. मी माफ केलेलं नाही. करणारही नाही. मायची माफी मी मागितली. ती म्हणाली, "मले आठवतही नाई वं." आठवत होतं तिला.

मागच्या महिन्यात दवाखान्यात एक म्हातारी भरती झाली. पोटात गाठ. मोठ्या डॉक्टरांनी राउंडला खाटेशी उभं राहून शिकाऊ डॉक्टरांना इंग्रजीत सगळं सांगितलं. म्हातारीला एक अक्षर कळलं नाही. गाठ तिच्या पोटात आणि बोलणं तिच्या डोक्यावरून. ते गेल्यावर तिनं विचारलं, "बाई, काय म्हणे?" बेबीताईंनी सांगितलं. "गाठ मोठी हाय, ऑपरेशन म्हणून राहिले. तपासाले तुकडा पाठवतो म्हणे. तुमच्या पोराले सांगा, डॉक्टरले नीट विचार म्हणा." एवढंच. काही वाढवलं नाही, काही लपवलं नाही. मुलगा डॉक्टरांकडे गेला, त्यानं विचारलं. कशाचा तुकडा, कशाला, किती दिवस. डॉक्टर भडकले. याला कोणी सांगितलं?

ह्या बुधवारी बेबीताईंना मेमो मिळाला. इंग्रजीत. गैरवर्तन, अधिकाराबाहेरचं बोलणं, तीन दिवसांत खुलासा द्या नाहीतर कामावरून कमी.

काल गुरुवारी तो मेमो आम्ही सतरंजीवर ठेवला आणि वाचला. सहाजणींनी, एकेक ओळ. कुठं अडलं, कुठं चुकलं, पुन्हा वाचलं. एकीनं मिसकंडक्टचा अर्थ विचारला. मी सांगितला. ती म्हणाली, "म्हंजे वाईट वागणं. मंग वाईट कोण वागलं?"

माझी माय असती त्या खोलीत तर तिनंही हेच विचारलं असतं.

खुलासा लिहिला. मी इंग्रजीत लिहून देते म्हणाले तर बेबीताई म्हणाल्या, "नाई. मराठीत लिहा. त्याईले समजत नसन तं त्याईनं शिकावं." तीन ओळी आहेत. पेशंटच्या पोटात काय आहे ते पेशंटला सांगणं हा गुन्हा असेल तर तसं आम्हाला लेखी द्या. पेशंटला वाचता येईल अशा भाषेत द्या. खाली सहा सह्या आहेत. सातवी माझी.

उद्या सकाळी दहाला आम्ही दवाखान्याच्या ऑफिसात जाणार आहोत. खुर्ची दिली तर बसू. नाही दिली तर उभ्या राहू. ते हसले तर हसू देत. लेखी उत्तर हातात पडल्याशिवाय आमच्यातली एकही तिथून हलणार नाही.